मोजे, हीटर आणि सेगोव्हियाचा अल्काझार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर हीटरवर वाळत घातलेले मोजे दिसले, मी बोललो आणि तू "बाबा, पुरे" म्हणून फोन ठेवलास. बरं, हीटरचा विषय नाही काढत. शनिवारी अल्काझार, स्पेनच्या राजांचा तो जुना किल्लेवजा राजवाडा, बघणार आहेस, त्याचं लिहितो.

आधी खाली नदीवर जा. एरेस्मा आणि क्लामोरेस मिळतात तिथून वर बघितलंस की राजवाडा त्या चिंचोळ्या खडकावरच का, ते कळेल. १३ डिसेंबर १४७४ ला इसाबेला इथूनच निघाली आणि गावात कॅस्टाइलची राणी म्हणून तिची द्वाही फिरली. १५७० मध्ये स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपचं ऑस्ट्रियाच्या ॲनाशी लग्नही इथेच (हो, सख्ख्या भाचीशी). टोकदार छपरं आणि त्यावरचा काळा पाटीचा दगड ही त्याचीच हौस. पुढे तुरुंग झाला, १७६४ पासून तोफखान्याचं विद्यालय. तिथे प्रूस्त रसायनशास्त्र शिकवायचा. अकरावीत ज्याच्या स्थिर प्रमाणाच्या नियमावरून रडली होतीस, तोच!

६ मार्च १८६२ ला आग लागली. माद्रिदला जायला मिळावं म्हणून कॅडेटांनीच लावली अशी दंतकथा आहे. मला पटत नाही. पाटीचा दगड जळत नाही गं, पण त्याखालचे वासे, फळ्या, दालनांची सोनेरी छतं, सगळं लाकूडच. वासे आणि छत यांच्यामधल्या पोकळीत आग धावत जाते, खालच्याला पत्ताही लागत नाही. शनिवारवाड्याचं १८२८ ला तेच झालं. दगड राहिला, लाकूड गेलं. तुझ्या खोलीचं छतही लाकडी आहे, फोटोत बघितलं मी. मोजे खुर्चीवर टाक, खुर्ची हीटरपासून तीन फूट लांब.

हे लिहायचं नव्हतं. चुकलं.

आगीआधी आव्रियाल नावाच्या चित्रकाराने आतली दालनं रेखाटून ठेवली होती, म्हणून जीर्णोद्धाराला आधार मिळाला. १८८२ ला काम सुरू झालं. राजांच्या दालनातली ५२ राजा-राण्यांची रांग नव्याने केलेली आहे, सिंहासनाच्या दालनाचं छत दुसऱ्या गावच्या चर्चमधून आणलेलं. तू हेच शिकायला गेलीस, मी काय सांगणार! शेजारच्या काकांना मात्र रोज सांगतो.

हुआन राजाच्या नावाच्या मनोऱ्याला दीडशेवर पायऱ्या आहेत, जिना अरुंद. अर्ध्यावर गेल्यावर "बंद केला होता का?" असं आठवत बसू नकोस. निघतानाच प्लग काढ.

तुझा,
बाबा

ता. क. दादाबरोबर मोज्यांचे चार जोड पाठवतोय.