विहिरीतला आवाज

मेम्फिस, टेनेसी
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर कानातलं मशीन कुई करतं आणि अर्धं बोलणं वाया जातं, म्हणून लिहितेय. मागच्या वेळी एल्विस प्रेस्लीचं जुनं रॉकबिली गाणं पाठवलं तेव्हा आई म्हणाली, ‘बरंय, पण नाच कुठंय?’ आणि बाबा, तुम्ही विचारलंत, ‘हा पोरगा विहिरीत तोंड घालून गातोय का?’ त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. काल शनिवारी तिथे जाऊनच आले.

युनियन अव्हेन्यूवर ७०६ नंबरला सन स्टुडिओ आहे. मी मोठी इमारत डोक्यात धरून गेले होते, निघालं कोपऱ्यावरचं दुकान. आतली खोली साधारण १८ बाय ३० फूट. सॅम फिलिप्स नावाच्या रेडिओतल्या माणसाने १९५० मध्ये ती थाटली. काहीही, कुठेही, कधीही रेकॉर्ड करून देऊ, असा त्याचा बाणा. लग्नं म्हणू नका, मयती म्हणू नका. मला आपलं कराडचं दुकान आठवलं, तुम्ही ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून कीर्तनं आणि मुंजी रेकॉर्ड करत फिरायचात ते.

सॅमचा खरा जीव होता ब्लूजवर, म्हणजे काळ्या गायकांच्या दुःखाच्या गाण्यांवर. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ यांची सुरुवातीची रेकॉर्डिंग याच खोलीतली. पण तेव्हा इथे गोऱ्यांचं सगळं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं, गाजलेल्या गाण्यांच्या याद्यासुद्धा. गोऱ्या खेडुतांच्या संगीताला ‘हिलबिली’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणावं तसं. त्याला ‘रॉक’ जोडून पुढे ‘रॉकबिली’ झालं. हे लेबल कौतुकाने लावलेलं नव्हतं, आणि गाणाऱ्यांतल्या काहींना ते टोचायचंच.

५ जुलै १९५४ ची रात्र. एल्विस १९ वर्षांचा, ट्रक चालवणारा. गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या बासवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर, बिल ब्लॅक. संथ गाणी घोळवून सगळे कंटाळले, जमेना. मधल्या सुट्टीत पोराने उड्या मारत आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ सुरू केलं. क्रुडप मिसिसिपीचा काळा ब्लूजवाला, त्याने ते १९४६ मध्ये रेकॉर्ड केलेलं. बिल बास घेऊन मागे लागला, मग स्कॉटी. काचेपलीकडून सॅमने डोकं काढून विचारलं, काय चाललंय? त्यांनाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून घ्या.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी उलटा उद्योग केला. बिल मनरोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे गोऱ्यांचं गाणं दादऱ्यासारखं झुलत जायचं, ते त्यांनी केरव्यासारखं पळवलं. एका बाजूला काळ्यांचं गाणं गोऱ्या पोराच्या तोंडी, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचं गाणं काळ्या चालीत. माझ्या मते रॉकबिलीचं सगळं त्या एका तबकडीत आलं. रेडिओवर लागली तेव्हा निवेदकाने एल्विसला शाळेचं नाव मुद्दाम विचारलं. शाळा गोऱ्यांची, म्हणजे गाणारा गोरा, हे ऐकणाऱ्यांना न सांगता कळावं म्हणून. क्रुडपला मात्र त्याच्या हक्काचे पैसे हयातीत पुरते मिळाले नाहीत. १९७४ मध्ये तो वारला. गाइड हे एका वाक्यात उरकून पुढे गेला. मला ते आवडलं नाही.

आता विहीर. आपल्या ग्रुंडिगला रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं हेड, टेप ज्याला घासून जाते ते, एकच होतं ना? तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवायला मला द्यायचात, म्हणून लक्षात आहे. सॅमकडच्या अँपेक्स टेपयंत्रांत ती दोन वेगळी, मध्ये दोनेक इंच अंतर. टेप आधी रेकॉर्डच्या हेडवरून जाते, क्षणभराने ऐकायच्या हेडखाली येते. गाणं एका यंत्रावर घ्यायचं, तोच आवाज दुसऱ्या यंत्रावरून फिरवून, तो उशिरा आलेला आवाज परत पहिल्यात मिसळायचा. झाला प्रतिध्वनी! एकच, टप्पा पडलेल्या चेंडूसारखा. याला ते स्लॅपबॅक म्हणतात. पुढे एल्विस मोठ्या कंपनीत गेला, १९५५ च्या नोव्हेंबरात सॅमने त्याचा करार ३५,००० डॉलरला विकला, तेव्हा तिथल्या इंजिनिअरांना हा आवाज जमेना. त्यांनी बोळकांडीत स्पीकर लावून घुमवून पाहिला. सॅमचं सगळं दोन इंचांत होतं.

त्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम नाही. ढोलकीवाला आला नाही तर कीर्तनकार चिपळ्यांवर भागवतो, तसं बिल ब्लॅक बासवर भागवायचा. रात्री बील स्ट्रीटवर, इथल्या गाण्याबजावण्याच्या रस्त्यावर, एका म्हाताऱ्याला तो प्रकार करताना अगदी समोरून पाहिलं. माणसापेक्षा उंच वाद्य. तार बोटाने बाहेर ओढून सोडतो, ती लाकडावर आपटून ‘टक्’ करते, आणि मधल्या रिकाम्या जागेत तळहाताने थाप. दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, कडेने काळी पडलेली. सॅमकडच्याच जॉनी कॅश या गायकाने तर ड्रमची फरफर यावी म्हणून गिटारच्या तारांत कागद अडकवला होता. तुम्ही स्पीकरच्या फाटक्या कोनला सिगारेटचा कागद चिकटवायचात, त्याच जातीचा जुगाड.

आई, तुला सॅमकडचाच गायक कार्ल पर्किन्स आवडेल. कापूस वेचणाऱ्या गरीब घरातला. शेतावरच्या एका काळ्या म्हाताऱ्याकडून गिटार शिकला. ‘ब्लू स्वेड शूज’ त्याने बटाट्याच्या कागदी पिशवीवर लिहिलं, आणि ‘स्वेड’चं स्पेलिंगही चुकवलं. १९५६ मध्ये गाणं देशभर गाजलं, टीव्हीवर गायला न्यूयॉर्कला निघाला आणि वाटेत गाडीला अपघात. तो दवाखान्यात असताना तेच गाणं एल्विस टीव्हीवर गायला. नशीब म्हणायचं. पुढे बीटल्सनी त्याची गाणी गायली, म्हणजे अगदीच उपेक्षा झाली असं नाही.

हे सगळं चारपाच वर्षांत आटोपलं. १९५८ मध्ये एल्विस सैन्यात गेला. याच गाण्यातले दोघे पुढे गेले: १९५९ मध्ये बडी हॉली विमान अपघातात, पुढच्या वर्षी एडी कॉक्रन इंग्लंडात मोटार अपघातात. पण इंग्लंडातल्या पोरांनी हे गाणं धरून ठेवलं. ऐंशीच्या सुमारास न्यूयॉर्कजवळचा स्ट्रे कॅट्स हा बँड तिकडे जाऊनच आधी गाजला.

बाबा, मशीन काढून, मोठे हेडफोन लावून गाणं पुन्हा ऐका. मी हिशोब केलाय. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर दोन इंचांना सुमारे ०.१३ सेकंद. साडेसातवर चालवली असती तर दुप्पट. मला कानाला पंधराचंच वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, आईकडून लिहून घेतलंत तरी चालेल.

तुमची
धाकटी