भिंगाखालचा गालिचा

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परवा वाचनालयात ‘व्हेनिस बंदर आणि तिथली चित्रकला’ या विषयावरचं माझं व्याख्यान झालं. लोकांनी भरभरून कौतुक केलं. त्यातला मोठा वाटा तुमचा आहे आणि तो चारचौघांत सांगितलाच पाहिजे, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

माहिती माझ्याकडे भरपूर होती. १४७९ साली तुर्कांशी तह झाल्यावर सुलतान मेहमदनं चित्रकार मागवला आणि व्हेनिसनं जेंतीले बेल्लीनीला इस्तंबूलला धाडलं. १४८० सालचं त्यानं काढलेलं मेहमदचं व्यक्तिचित्र आजही लंडनला आहे. निळा रंग बदकशानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडाचा, म्हणून त्याचं नावच अल्ट्रामरीन, समुद्रापलीकडचा. हे सगळं वहीत होतं, पण चित्रात ते कुठं दिसतं हे मला दाखवता येत नव्हतं.

मग लोरेंझो लोत्तो या चित्रकाराच्या १५४२ च्या चित्राची प्रिंट घेऊन मी तुमच्या कारखान्यात आले. संत अंतोनिनोच्या पायाशी दोघे कारभारी, एक गरिबांचे अर्ज घेतोय, दुसरा पैसे वाटतोय, आणि त्यांच्यापुढच्या कठड्यावर गालिचे अंथरलेले. मी संताकडे बोट दाखवत होते. तुम्ही चादरीचा ग्राफ, म्हणजे चौकड्यांच्या कागदावरचा नक्षीचा आराखडा, बाजूला सारलात, भिंग काढलंत आणि थेट गालिच्यावर टेकवलंत. मागं मागांचा खडखडाट चालू होता, म्हणून तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, “बाळा, हे वळण ब्रशचं नाही, विणीचं आहे. ब्रश गोल फिरतो, धागा पायरीपायरीनं चढतो. यानं मनानं काढलेलं नाही, समोर ठेवून काढलंय.” मग लाल जमिनीवरच्या पिवळ्या जाळीचा एक रिपीट तुम्ही पेन्सिलीनं चौकटीत घेतलात आणि तोच पुढं कसा येतो ते बोटानं मोजून दाखवलंत.

अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विणलेला तो गालिचा व्यापाऱ्यांच्या जहाजातून व्हेनिसला आला आणि तिथं देवळातल्या चित्रात जाऊन बसला. या जातीच्या गालिच्यांना आज जगभर ‘लोत्तो गालिचे’च म्हणतात. विणणाऱ्यांची नावं राहिली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या चादरीवरही ग्राफ काढणाऱ्याचं नाव कुठं असतं?

तुमच्यामुळे मी पुढं कापडाकडेच बघत गेले. १५०८ च्या सुमारास जॉर्जोने आणि तित्सियानोनं व्हेनिसमधल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. खाऱ्या, दमट हवेनं त्या खाल्ल्या, आता तुकडे उरलेत. भिंत टिकेना म्हणून तिथले चित्रकार कॅनव्हासकडे वळले, आणि जहाजांच्या शिडांमुळे बंदरात जाड कापडाची वाण नव्हतीच. व्याख्यानात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले दोन विणकर पुढं सरकून बसले. गालिच्याचा तो रिपीट पडद्यावर मोठा केला, तेव्हा कुणी चुळबूळसुद्धा केली नाही.

काका, कारखान्यातली तुमची पाळी चालू असताना तुम्ही माझ्यासाठी दीड तास दिलात. मनापासून आभार.

तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय. रविवारी आणून देते. तिंतोरेत्तो या तिथल्याच चित्रकाराच्या कॅनव्हासचा जवळून घेतलेला एक फोटोही आणते, त्यात रंगाखालून तिरकी वीण दिसते. ती कशी घातलीय ते तुमच्याकडूनच ऐकायचंय.

तुमची,
चित्रकलेची एक शिक्षिका, सोलापूर