नकाशा किती वाजताचा?

संपादक महोदय,

अटलांटिकमधल्या हरिकेनचा नकाशा गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आला होता. वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणाऱ्या, पुढे रुंदावत जाणाऱ्या पांढऱ्या शंकूखाली लिहिले होते, ‘पुढे सरकताना वादळ असे मोठे होत जाईल.’ बोटीवर नव्याने आलेले कॅडेटही हेच म्हणायचे, त्यामुळे उपसंपादकांना बोल लावत नाही. पण रुंदावते ते वादळ नव्हे, रुंदावते ती अंदाजातली संभाव्य चूक.

अमेरिकेतले मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र आधीच्या पाच वर्षांत आपले अंदाज किती चुकले ते मोजून हा शंकू आखते. वादळाचा केंद्रबिंदू तीनपैकी साधारण दोन वेळा त्यात राहतो, एकदा बाहेर पडतो. वारा, पाऊस, वादळाने चढणारे समुद्राचे पाणी यांना तर शंकूच्या कडेचे काहीच सोयरसुतक नसते. आणि वादळ सरळमार्गी असो की लहरी, त्या हंगामात प्रत्येकाला मापाने तोच शंकू!

मधली रेष तर त्याहून फसवी. १३ ऑगस्ट २००४ रोजी ‘चार्ली’ हे हरिकेन फ्लोरिडातल्या टॅम्पावर जाणार म्हणून सगळे त्या रेषेकडे बघत बसले. ते थोडे आधी वळले आणि शंभरहून जास्त किलोमीटर दक्षिणेला पुंता गोर्डावर आदळले. इशारा तिथेही होता. आम्ही खलाशी म्हणून रेषेवर विसंबत नसू. चोवीस तासांच्या अंदाजाला शंभर सागरी मैल, अठ्ठेचाळीसच्या अंदाजाला दोनशे, बहात्तरच्या अंदाजाला तीनशे, आणि तेही ३४ नॉटच्या (ताशी सुमारे ६३ किलोमीटर) वाऱ्याच्या कडेपासून पुढे मोजायचे. एवढ्या पट्ट्यात बोट न्यायची नाही.

जोराचा अंदाज मार्गाच्या अंदाजाहून अवघड. मार्ग ठरतो भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांवर, पण जोर ठरतो डोळ्याभोवतीच्या भिंतीत आणि खालच्या पाण्याच्या उबेवर. पॅसिफिकमधले ‘ओटिस’ २०२३ मध्ये एका दिवसात साध्या वादळाचे सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचे झाले आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळले.

मी सेकंड मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) असताना पेन्सिलीने नकाशावर वादळाची जागा मांडायचो. आमचे कप्तान नकाशाकडे बघण्याआधी विचारायचे, “किती वाजताचा?” तेव्हा हे मला खोचक वाटे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज बहामाजवळ ‘होआकिन’ हरिकेनमध्ये बुडाले, ३३ जण गेले. कप्तान ज्या माहितीवर भिस्त ठेवून होता ती कित्येक तास जुनी होती, असे चौकशीत निघाले. आमचे कप्तान तेव्हा हयात नव्हते.

केंद्राचे बुलेटिन दर सहा तासांनी येते. आपला नकाशा रात्री छापखान्यात जातो, वाचकाच्या हाती सकाळी पडतो. तोवर तो शिळा झालेला असतो. म्हणून एवढेच मागणे: नकाशाच्या कोपऱ्यात बुलेटिनची तारीख-वेळ ठळक छापा. जागा कमी पडली तर वादळाच्या त्या रंगीत चित्राला कात्री लावा.

आपला,
मर्चंट नेव्हीतला एक निवृत्त कप्तान