डाएटवाल्यांच्या ताटातला ठेचा राहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

वजन कमी करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड मिरचीवरच का पडते कळत नाही. कुठलाही डाएटचा तक्ता बघा, "तिखट-तेलकट टाळा" असं एका दमात लिहिलेलं असतं, जसं काही दोघं जुळे भाऊच. अहो 100 ग्रॅम हिरव्या मिरचीत जेमतेम 40 कॅलरी, आणि एका बैठकीला 100 ग्रॅम मिरच्या खाणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. एक मोठा चमचा तेल मात्र 120. आमच्या नागपुरात सावजी रश्श्यावर नाहीतर तर्री-पोह्यावर जो लालभडक तवंग असतो ना, त्याला लोक तिखट म्हणतात, पण ते तेल आहे हो, तिखटाचा रंग उतरलाय त्यात!

मी डाएटवर आहे आणि ठेचा रोज खाते. मिरच्यांना चीर द्यायची (नाहीतर फुटून थेट डोळ्यात), लसूण-जिऱ्याबरोबर कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या आणि जाडं मीठ टाकून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायच्या, घरचे खोकत बाहेर पळतात तो भाग वेगळा. तेल थेंबभर नाही. दाणे मात्र बेतानेच, 30 ग्रॅममध्येच 170 कॅलरी होतात. असा ठेचा असला की अर्धी भाकरी आणि दुधीची फिकी भाजीसुद्धा मजेत जाते, नाहीतर ते अळणी-बेचव खाऊन माणूस चौथ्या दिवशी समोशावर तुटून पडतो.

आता मिरचीने चरबी जळते म्हणून गोळ्या विकणारेही आहेत, त्यांच्याही नादी लागू नका. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिन या घटकामुळे शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं खरं, पण इतकी किरकोळ की चहासोबतच्या बिस्किटांत भरून निघते. आणि घाम येतो तो काही चरबी वितळून नाही, उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच कॅप्सेसिन फसवतं, अंगाला वाटतं आपण तापलो. या नसांवरच्या, उष्णता आणि कॅप्सेसिन दोन्ही ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाच्या) शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ज्यांना ॲसिडिटी, मूळव्याध आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी तोंड भाजलं तर गुळाचा खडा न शोधता पातळ ताक प्यावं.

तेव्हा विनंती एवढीच, पुरवणीत "हेल्दी रेसिपी" छापाल तेव्हा "तेल आवडीनुसार" असं न लिहिता किती चमचे ते स्पष्ट छापा. तिखटाचं आम्ही आमचं बघून घेऊ.

आपली,
एक नियमित वाचक, नागपूर