पत्ता उजवीकडून वाच

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

घरचं लाईट बिल, गॅस आणि कॉर्पोरेशनचा वेरा, म्हणजे कर, आता पुण्याहून तू भरणार, म्हणून हे पत्र. इंटरनेटवरचं पान खरं की खोटं, हे पानाकडे बघून कधी ठरवू नकोस. बँकेचं चिन्ह, रंग, तळाची बारीक अक्षरं, सगळं मूळ पानावरून काही मिनिटांत उचलता येतं. उचलता येत नाही तो फक्त पत्ता.

पाकिटावर वरच्या ओळीत ‘दांडिया बाजार’ लिहून खाली सुरतेचा पिनकोड घातला, तर पाकीट सुरतेलाच जाणार. ब्राउझरमध्ये हा पिनकोड उजव्या टोकाला असतो. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोड, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोध आणि तिथून मागे वाचत ये. ‘अमुकबँक.बँक.इन’ हा बँकेचा पत्ता. ‘अमुकबँक.बँक.इन.लाईटबिल.टॉप’ यात बँकेचं नाव कितीही ठसठशीत असलं तरी मालक ‘लाईटबिल.टॉप’. सगळ्यांत फसवा प्रकार ‘अमुकबँक-बँक.इन’. टिंबाच्या जागी आडवी रेघ आली की तो साधा ‘.इन’ पत्ता झाला, आणि तसा कोणीही विकत घेऊ शकतो. ‘.बँक.इन’ मात्र बँकांसाठीच राखलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यावर यायला ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंतची मुदत दिली होती. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो, तिकडेही लक्ष ठेव. फोनच्या पट्टीत लांब पत्ता मावत नाही, त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघड.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नकोस. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत तुमचं बोलणं कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला कोण, हे सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. क्रोमने २०२३मध्ये पत्त्याजवळचं कुलूप काढून टाकलं ते याच गैरसमजापायी.

डोळा थकतो, घाईत चुकतो. म्हणून पासवर्ड ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेव. तो रंगरूप बघत नाही, पत्ता अक्षर न् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरतो. रोज भरणारा आज गप्प बसला, तर हाताने टाइप करायला जाऊ नकोस, आधी पत्ता तपास. काही बँकांच्या खऱ्या पानांवरही तो भरत नाही, हे खरं. तिथे स्वतः जपून ठेवलेल्या बुकमार्कवरूनच जा. गुगलवर बँकेचं नाव टाकून पहिल्या दुव्यावर जायची सवय वाईट, कारण वरची जागा जाहिरातीची असू शकते. कस्टमर केअरचा नंबरही तिथून घेऊ नकोस, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’ (फोनवर ‘सेफ ब्राउझिंग’), आणि तिथे ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवड. यात तू उघडतेस ते पत्ते तपासणीसाठी गुगलकडे जातात, पण माझ्या मते पैशाच्या व्यवहारांपुरता हा सौदा परवडतो. त्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं प्रोफाइल कर आणि त्यात एकही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घालू नकोस. ‘सर्व साइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी घेतलेलं एक्स्टेन्शन बँकेचं पानही वाचतं.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. खोटं पान तुझा पासवर्ड त्याच मिनिटाला खऱ्या पानावर टाकतं, बँक तुला खराच ओटीपी पाठवते, आणि तो तू खोट्या पानावर भरतेस. म्हणून आकडा टाकण्याआधी मेसेजमधली रक्कम आणि पैसे कोणाला जाताहेत ते नाव वाच. यूपीआयचा पिन पैसे येताना कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ म्हणणारा चोरच.

‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल’ असा मेसेज आला, तर त्यातला दुवा किंवा नंबर वापरू नकोस. लग्नपत्रिका, ट्रॅफिकचं चलान अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल आली तर उघडू नकोस. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. एसएमएस वाचायची परवानगी मिळवतं आणि ओटीपी परस्पर उचलतं.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर लाजू नकोस, आणि आधी मला फोन करण्यातही वेळ घालवू नकोस. लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लाव आणि बँकेला सांगून खातं, कार्ड बंद कर. एपीके उघडली गेली असेल, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि दुसऱ्याच्या फोनवरून हे कर. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवतात. ते एखाद्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेव, तक्रारीत तो लागतो.

लाईट बिलाचा फोटो वेगळा पाठवते. यूपीआय अ‍ॅपमध्ये वीज बिलाचं पान तू स्वतः उघड, कंपनी निवड आणि ग्राहक क्रमांक बिलावरून बघून टाक. बाबांचं नाव स्क्रीनवर आलं, रक्कम जुळली, तरच पिन.

तुझी,
आई