ब्रेक सोडण्याची घाई नको

म्युकरमायकोसिसवर (काळ्या बुरशीच्या आजारावर) कर्करोगाची इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारे औषध, हा तोडगा असल्याचे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात घाई झाली आहे. संसर्ग लांबला की त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशींवरचा ‘पीडी-१’ हा ब्रेक दाबला जातो आणि त्या थकतात, हे खरे. कँडिडा या दुसऱ्या बुरशीचा रक्तसंसर्ग केलेल्या उंदरांत तो ब्रेक सोडल्यावर जगण्याचे प्रमाण वाढले. माणसात म्युकरबाबत ठळक नोंद बेल्जियममधली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली: पीडी-१ रोखणारे निवोलुमॅब, जोडीला प्रतिकारपेशींना चेतवणारे इंटरफेरॉन-गॅमा. पण रुग्ण एकच!

शिवाय ब्रेक सुटलेल्या पेशी आपल्याच फुफ्फुसांवर, आतड्यावर, क्वचित इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही उलटतात. ते शमवायला बहुधा स्टेरॉइडच लागते. स्टेरॉइड आणि चढलेली साखर या जोडीने काय होते, ते २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरच्या साथीत पुण्याने पाहिले आहे.

त्यापेक्षा नाकातली काळी खपली दिसताच नमुना केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. रुंद, जवळपास विनापडद्याचे, काटकोनात फुटलेले बुरशीचे तंतू दिसले की मृत ऊती तातडीने काढावी, साखर आवरावी आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध वजनाच्या किलोमागे रोज किमान ५ मिलिग्रॅम द्यावे. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे