गाण्यामागचे चित्र श्रोत्यांना दिसू द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी येथील एका सभागृहात महाविद्यालयीन मुलामुलींच्या बँडने स्वतः रचलेली मराठी रॉक गाणी सादर केली. सत्तरी ओलांडलेला मी कानांत कापूस घालूनच गेलो होतो. पहिल्या गाण्यानंतर तो काढून ठेवला. त्यांतले एक गाणे शाहीर राम जोशी यांच्या लावणीतील रूपवर्णन आणि मकबूल फिदा हुसेन यांची घोड्यांची चित्रे यांवरून सुचल्याचे गायिकेने सांगितले, पण घाईघाईत, कारण निवेदकाला पुढच्या सत्काराची ओढ लागली होती. चित्राची वहीच्या पानाएवढी प्रत ड्रमला चिकटपट्टीने लावलेली होती. तिसऱ्या रांगेतून मला काही काळ्या रेषांपलीकडे काहीच दिसले नाही, आणि ठेका सुरू होताच तिचा एक कोपरा सुटून फडफडू लागला. सभागृहात मोठा पडदा होता, परंतु त्यावर सायंकाळभर प्रायोजकांच्या जाहिराती फिरत होत्या.

राम जोशी सोलापूरचे, तर हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. म्हणजे दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. राम जोशींच्या लावणीतील अनुप्रास मुळातच तालावर आपटत चालतो, त्यामुळे ड्रम तेथे उपरा वाटला नाही. शेवटच्या कडव्यात गिटार शब्दांवर चढली, हे मात्र सांगितले पाहिजे.

‘फ्लॉरेन्स अँड द मशीन’ या इंग्लिश बँडचे २०११ मधील ‘व्हॉट द वॉटर गेव्ह मी’ हे गाणे माझ्या नातीने मला अनेकदा ऐकवले होते, पण त्याचे नाव मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलो यांच्या १९३८ च्या चित्राचे आहे हे कळल्यावर आणि त्या चित्रातील टबाच्या पाण्यातून वर आलेली पावले व भोवती तरंगणाऱ्या आकृती पाहिल्यावर तेच गाणे मला निराळे ऐकू आले. त्यातील दगडांनी भरलेल्या खिशांचा उल्लेखही, १९४१ मध्ये खिशात दगड घालून नदीत देह टाकणाऱ्या इंग्लिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फ ठाऊक नसतील, तर नुसताच विचित्र वाटतो.

म्हणून आयोजकांना विनंती आहे, की अशा गाण्याच्या चार मिनिटांपुरत्या जाहिराती थांबवून ते चित्र आणि लावणीचे मूळ कडवे पडद्यावर दाखवावे. आपल्या दैनिकानेही अशा कार्यक्रमाचा वृत्तान्त ‘तरुणाईचा जल्लोष’ एवढ्यावर न आटोपता, गाणे कोणत्या कवितेवरून आणि कोणत्या चित्रावरून आले, तेही छापावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर